मामाचा ठिपका

मामा खेळाच्या बुटांच्या दुकानात विक्रेता होता आणि बोलण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. टाच आधी टेकवायची की चवडा, श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने, गुडघा कुरकुरतो तो कशाने, हे सगळं तो गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवा बसून असं रंगवून सांगायचा की माणूस एका जोडाऐवजी दोन घेऊन बाहेर पडायचा. बारा वर्षांत त्याने शेकडो लोकांना धावायला लावलं. स्वतः मात्र तो बस पकडायलासुद्धा कधी धावला नव्हता. एक गेली तर दुसरी येईल, यावर त्याचा गाढ विश्वास होता.

त्यामुळे लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला मदत म्हणून दहा किलोमीटरची दौड जाहीर झाली आणि दुकानाने आपला जाणकार माणूस म्हणून मामाचं नाव परस्पर देऊन टाकलं, तेव्हा ते टोलवायची कारणं त्याच्याकडे तयार होती. भाचीमुळे ती सगळी वाया गेली.

भाची सात वर्षांची. चार महिने रक्ताच्या कॅन्सरचे उपचार चालले होते. कडू औषधं ती तोंड वाकडं करून गिळायची, केस गेले तेही तिने चालवून घेतलं, पण पाठीच्या कण्यातली सुई म्हटली की ती कोणाला आवरायची नाही. मागच्या वेळी तिघांनी धरूनही ती हलली आणि सुई पुन्हा टोचावी लागली. ताई, म्हणजे मामाची बहीण, त्या दिवशी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडली होती. पुढची सुई नेमकी दौडीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी होती.

मामाला ते बघवेना. तो नको ते बोलून बसला. "मी न थांबता दहा किलोमीटर धावतो. तू न हलता सुई घे."

भाचीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. पोटावर नजर जरा जास्तच रेंगाळली.

"अजिबात थांबायचं नाही?"

"अजिबात नाही."

"मग मी पण हलणार नाही."

दौडीत प्रत्येकाच्या बुटाच्या लेसमध्ये एक चकती ओवत होते. तिच्यामुळे धावणारा कुठे आहे ते घरी बसलेल्यांना फोनवर ठिपक्यासारखं दिसायचं. रविवारी सकाळी भाची ताईचा फोन मांडीवर घेऊन बसली. इकडे मामाच्या सोबतीला दुकानाचा गोदामवाला आला होता. अंगाने काटकुळा, रोज घरून दुकानात धावत येणारा माणूस. त्याला ना नंबर होता ना चकती. "तुम्हाला सोबत म्हणून," एवढंच तो म्हणाला.

पहिल्या किलोमीटरच्या पाटीपर्यंत मामाने बारा वर्षं इतरांना दिलेले सगळे सल्ले वापरून संपवले. टाच टेकवून झाली, चवडा टेकवून झाला, श्वास नाकाने येईना आणि तोंडाने पुरेना. बंद औषधांच्या दुकानाच्या पायरीवर त्याने बसकण मारली. लगेच फोन वाजला.

"मामा, तुझा ठिपका हलत नाहीये."

"लेस," मामा कसाबसा म्हणाला. "लेस सुटली."

"मग बांध पटकन. लेसचं धरत नाही मी."

मामाने काय केलं, तर लेसमधून चकती काढून गोदामवाल्याच्या हातात कोंबली. "पुढच्या वळणापर्यंत ने. मी येतोच मागून. आणि हळू धाव."

पुढच्या वळणापर्यंत मामा गेलाही, पण चालत. तिथे गोदामवाला नव्हता. त्यापुढच्या वळणालाही नव्हता. शेवटी मामाने रिक्षा केली.

तो पोहोचला तेव्हा माइकवरून त्याच्याच नावाचा पुकारा चालला होता. चाळिशीवरच्या गटात तिसरा. गोदामवाला घाम पुसत कोपऱ्यात उभा होता.

"तुला हळू धाव म्हटलं होतं ना?"

"हळूच धावलो, साहेब. तुमचं नाव होतं ना."

नको नको म्हणत असताना दुकानाच्या मालकाने मामाला मंचावर ढकललं. त्याच्या गळ्यात पदक पडलं आणि सगळे त्याच्या कोरड्या शर्टाचं कौतुक करत राहिले.

सोमवारी सुई झाली. दहा मिनिटांत दार उघडलं आणि नर्स ताईला म्हणाली, "आज कोणालाच धरावं लागलं नाही." ताईने भावाचा हात इतका घट्ट दाबला की त्याला तो सोडवून घ्यावासा वाटला.

भाची उताणी पडून होती. मान उचलायची नाही अशी ताकीद होती. डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचा थाट होता.

"मी दहापर्यंत मोजत होते," ती छताकडे बघत म्हणाली. "एकेक आकडा म्हणजे तुझा एकेक किलोमीटर. सात आले तेव्हा फार वाटलं हलावं. तुला कुठे वाटलं रे, थांबावं असं?"

मामाला दुकानातलं एकही वाक्य आठवेना. दोन दिवसांत इतकं खोटं बोलून झालं होतं की आता खरंच तोंडातून निसटलं.

"पहिल्याच किलोमीटरला."

"लेस सुटली तिथे?"

"लेस सुटली नव्हती. मला धाप लागली होती. मी बसलो होतो."

आता सगळंच सांगून टाकावं म्हणून त्याने खुर्ची पुढे ओढली. पण भाचीचे डोळे मोठे झाले होते.

"एवढा दमलेलास, बसलास, आणि तरी उठून नऊ किलोमीटर धावलास?" ती हळूच म्हणाली. "आणि तिसरा आलास? आई, ऐकलंस का? मग मी पण पुढच्या सुईला तसंच करणार. सगळ्या सुयांना. वाटलं हलावं तर मामा, तुझी आठवण काढायची, बस."

"अजून किती आहेत?" मामाने ताईला विचारलं.

"अकरा," ताई म्हणाली. गेल्या चार महिन्यांत ती पहिल्यांदाच हसत होती.

मामाने उघडलेलं तोंड मिटलं आणि तो भाचीला हो म्हणाला. त्याला स्वतःची इतकी लाज जन्मात कधी वाटली नव्हती, आणि अकरा सुया होईपर्यंत ती कोणापुढे बोलून दाखवायचीही सोय नव्हती.