किती खाटा टाकू?

वसंतातला जुर्जेवचा सण तोंडावर आला होता आणि नदीकाठच्या लाकडी खोपीत मुक्कामाचा बेत अजून ठरला नव्हता, म्हणून रविवारी दुपारी सगळे ल्युबिंकाच्या स्वयंपाकघरात जमले. बेत दरवर्षी याच टेबलापाशी ठरायचा. ल्युबिंकाचा नवरा विदोये म्हणायचा, मला माझ्या टेबलाशिवाय डोकं चालवता येत नाही. खरं कारण एवढंच, की त्याला दुसऱ्यांच्या घरची राकिया, फळांची दारू, पाणचट लागायची.

आता विदोये नव्हता. ऑक्टोबरात तो द्रिना नदीवर मासे धरायला गेला. त्याची होडी खालच्या वळणावर उपडी सापडली, तो मात्र सापडला नाही. पाणबुडे आले आणि गेले. पलीकडचा काठ बोस्नियाचा, तिथल्या लोकांनीही झाडंझुडपं धुंडाळली. सगळं उझित्से शहर जे समजायचं ते समजलं. ल्युबिंका तेवढी समजली नाही. तिनं काळे कपडे घातले नाहीत आणि चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होऊ दिली नाही. "सापडला नाही याचा अर्थ सापडला नाही," एवढंच ती म्हणायची. न रडता, न ओरडता, भाजीचा भाव सांगावा तसं. तिला काही वाटतच नव्हतं. सकाळी उठायची, बेकरीत कामाला जायची, परत यायची. कोणी बोललं तर ओठ हललेले दिसत, आणि शब्द जरा उशिरानं तिच्यापर्यंत पोचत.

आजही तसंच चाललं होतं. मोठा दीर क्रस्मान खुर्चीत मावत नव्हता. जाऊ झागोर्का पिशवीतून घरचं लोणचं काढत होती. आणि विदोयेचा लहानपणापासूनचा मित्र मोमिर फोन हातात घेऊन बसला होता, कारण खोपीच्या मालकाला आजच कळवायचं होतं.

"बोला, किती खाटा टाकायला सांगू?" मोमिरनं विचारलं.

"पाच," ल्युबिंका म्हणाली.

टेबलापाशी चौघं होते. झागोर्कानं लोणच्याच्या बरणीचं झाकण उगाच पुन्हा घट्ट केलं. मोमिरनं फोन पालथा ठेवला.

"खाटांचं मागून बघू," क्रस्मान घाईनं म्हणाला. "आधी सूप कोण करणार ते ठरवा."

माशाचं सूप दरवर्षी विदोये करायचा. तिकाटण्याला हंडा टांगायचा, खाली विलोच्या झाडाची लाकडं, आणि एकदा मासा आत पडला की कोणी डाव घालायचा नाही. हंडाच धरून हलवायचा. एका वर्षी झागोर्कानं चमच्यानं ढवळलं, तर विदोये संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नव्हता.

"मी करतो," मोमिर म्हणाला.

"तू?" क्रस्मान म्हणाला. "अरे, तुझ्या घरी अंडं उकडायचं तर बायको आधी खिडक्या उघडते."

"आणि तुम्ही हो? मागे तुम्ही कांदा चिरलात, एकेक फोड दाराला अडसर म्हणून चालली असती."

"कांदा दिसला पाहिजे!"

"कांदा विरघळला पाहिजे, क्रस्मान भाऊ. विदोये काय सांगायचा? कांद्यानं स्वतःचं नाव विसरलं पाहिजे."

झागोर्का हसली. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मासा अजून नदीत पोहतोय, आणि हे दोघं इथे भांडतायत."

क्रस्मान पोट धरून हसला. हसता हसता त्यानं पेला उचलला, "हा आपल्या विदोयेसाठी," म्हणाला आणि सवयीनं पेला तिरपा केला. राकियाचा एक घोट फरशीवर पडला.

आमच्याकडे जिवंत माणसासाठी पेल्याला पेला लावतात. मेलेल्यासाठी कोणी पेला लावत नाही. पहिला घोट जमिनीला देतात आणि मग पितात. हे कुणी शिकवत नाही, हात आपोआप करतो. क्रस्मानच्या हातानं ते केलं, आणि मग त्याला कळलं की कोणाच्या घरात केलं.

ल्युबिंका उठली. मोरीतलं फडकं आणलं, गुडघे टेकून फरशी पुसली, फडकं पिळून पुन्हा जागेवर टाकलं. मग येऊन बसली.

"तर सूप मोमिर करेल," ती म्हणाली. "पाव मी बेकरीतून आणीन."

"ल्युबिंका," झागोर्का हळूच म्हणाली, "यंदा नको जाऊया का? सणाच्या पहाटे त्या नदीवर उतरायचं, त्याच पाण्यानं तोंड धुवायचं. तुला झेपेल का गं?"

"दरवर्षी धुतो. यंदाही धुऊ."

"तुला काय होईल ते बाई मला बघवणार नाही."

"मला काही होत नाही, जाऊबाई." आणि ते खरं होतं. तीच तर अडचण होती.

क्रस्मान खाली मान घालून पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत होता. एवढा आडदांड गडी, पण आवाज बारीक निघाला. "मी गॅरेजमध्ये रडतो," तो म्हणाला.

"काय?"

"गॅरेजमध्ये. गाडीचं बॉनेट उघडं टाकतो, म्हणजे कोणी आलं तर वाटावं काम चाललंय. घरी आई ऐकेल. आई विचारते, मेणबत्ती लावू का रे त्याच्या नावानं, आणि मी सांगतो, थांब, ल्युबिंका नाही म्हणते. इथे तर काही बोलायची सोय नाही." त्यानं नाक ओढलं. "तो तुझा नवरा होता, कबूल. पण त्याला सायकल मी शिकवली गं. पोहायलाही मीच शिकवलं. त्याच नदीत."

झागोर्कानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "पुरे आता."

"पुरे कसलं? सुरूच कुठे झालंय?"

ल्युबिंका त्याच्याकडे बघत राहिली. सगळा हिवाळा तिला वाटत होतं की आपण विदोयेसाठी दार उघडं ठेवलंय. या दाराच्या बाहेर क्रस्मान आणि म्हातारी सासू थंडीत उभी आहेत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आत तरी कोण होतं? आत तीही नव्हती. तिला लाज वाटली. ऑक्टोबरनंतर तिला वाटलेली ही पहिली गोष्ट होती.

तेवढ्यात मोमिरचा फोन वाजला. खोपीचा मालक होता, घाईचा माणूस. त्याचा आवाज टेबलभर ऐकू आला. "अरे, सणाला लोक रांग लावून बसलेत! किती खाटा टाकू ते सांग, नाहीतर दुसऱ्याला देतो."

मोमिरनं ल्युबिंकाकडे पाहिलं. "वहिनी?"

ल्युबिंकानं आपला पेला उचलला. सवयीनं मोमिरचा हात पेल्याकडे गेला, पेल्याला पेला लावायला. तिनं आपला पेला बाजूला घेतला. मग मघाशी पुसलेल्या फरशीवर तो तिरपा केला. एक घोट पडला. उरलेली राकिया तिनं पिऊन टाकली.

"चार सांग," ती म्हणाली.

"चार," मोमिर फोनमध्ये म्हणाला.

क्रस्मान टेबलावर डोकं टेकून रडू लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. ल्युबिंकाला रडू येत नव्हतं. तिनं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडा भाऊजी," ती म्हणाली. "इथेच रडा." फरशीवरचा ओला डाग वाळत आला, तरी फडकं मोरीतच पडून होतं.