तिसऱ्या खुर्चीतला राक्षस

साकीनाक्याच्या एका पत्र्याच्या गाळ्यात दर रविवारी दुपारी चार वाजता कुस्ती असते. मातीतली नव्हे, टीव्हीवर दिसते तसली, चार खांब, दोरखंड आणि चमकत्या कपड्यांची. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, हे आलेल्या दीडशे माणसांना माहीत असतं. तरी ती घसा फुटेस्तोवर ओरडतात.

रिंगचे चारही खांब धाकू गावड्याने वेल्ड केलेले. शेजारच्या गाळ्यात त्याने एकतीस वर्षं वेल्डिंग केलं आणि रिटायर होताना ही शेवटची ऑर्डर पुरी केली. त्या बदल्यात पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची त्याची झाली, कायमची. नाहूरहून तो साडेतीनलाच येऊन बसायचा आणि बसला की बोलायचा. ही माहिती आधीच दिलेली बरी, कारण त्याच्या शेजारी बसणाऱ्याला ती कोणी देत नसे.

‘ही सगळी खोटी असते ना?’ असं कोणी विचारलं, तर धाकू त्या माणसालाच उलट विचारायचा. ‘दशावतारात राक्षस खराच मरता काय? मग पुढच्या जत्रेक कोण येता, त्याचो भाऊ?’

त्याचा बाप दशावतारात राक्षस होता. रात्रभर तोंडाला रंग फासून गर्जना करायचा, पहाटे देवाच्या हातून मरायचा. देवळाच्या पायरीवर बसून त्याला कडाकडा बोटं मोडणाऱ्या म्हाताऱ्याच सकाळी त्याला चहा आणून द्यायच्या. बाप सांगायचा, ‘राजाक लोक नमस्कार करतत, पण घराक जाताना राक्षसाचाच नाव काढतत.’ धाकूची सगळी विद्या या एका वाक्यातून निघालेली. वर तीस वर्षं केबलवर पाहिलेल्या कुस्त्यांची फोडणी.

त्याची मतं ठाम होती. शरीर बघायला पब्लिक येतं, पण शरीर बघून दोन मिनिटांत कंटाळतं. जिंकणाऱ्यावर कोणी जीव टाकत नाही. जो मार खातो, उठतो, पुन्हा मार खातो आणि पुन्हा उठतो, त्याच्यावर टाकतात. पब्लिकला काम लागतं: एखादा शब्द दे, एखादी खूण दे, म्हणजे त्यांनाही कुस्ती खेळल्यासारखं वाटतं. कंपनीने एखाद्याला बळंच पुढे ढकललं, तर पब्लिक त्याच्याकडे सासऱ्याने पसंत केलेल्या जावयासारखं बघतं. आणि शेवटचं, हे सांगताना तो बोट वर करायचा: उसनी टाळी कधी वाजवायची नाही. मनातून आली तरच. एक खोटी टाळी वाजवली, की पुढच्या दहा खऱ्या मरतात.

ऐकणारे मान डोलवायचे आणि सामोसा आणायला उठून जायचे. धाकूचं मत कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि तो ते द्यायचा कधी थांबला नव्हता.

मग एका रविवारी सामना संपल्यावर कल्पिता त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. वेसाव्याची कोळ्याची पोर, चोवीस वर्षांची. पहाटे आई पुतळाबाईबरोबर बंदरावर लिलावाला, दुपारपर्यंत अंधेरीच्या मार्केटात मासळी विकायला, आणि मग इथे. रिंगमधलं तिचं नाव ‘लेडी थंडर’. चंदेरी झगा, काळा मुखवटा आणि पाठ केलेली चार इंग्रजी वाक्यं. पडायची मात्र अशी, की पाहणाऱ्याची पाठ दुखावी. धाकूला ती पहिल्या दिवसापासून आवडलेली. पब्लिक मात्र ती आली की मोबाइलमध्ये डोकं घालायचं.

‘काका, तुम्ही सगळ्यांचं सांगता,’ ती म्हणाली. ‘माझं कुठं चुकतं ते सांगा ना. विपुलसर म्हणाले, येत्या रविवारी आवाज नाही झाला तर लेडी थंडर बंद. मग मी मार्केटातच.’

विपुलसर म्हणजे या कुस्त्या भरवणारे मालक. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला विचारलं होतं, आणि तो खुर्चीत सावरून बसला.

‘तू थोडा... बोलत जा पब्लिकाशी,’ तो कसाबसा म्हणाला.

‘बोलते की इंग्लिश. मार्केटातलं तोंड इथं सोडायचं नाही, असं सर म्हणतात. लोक गावठी म्हणतील.’

‘बरोबर म्हणतत,’ धाकू म्हणाला. एवढा मोठा जाणकार, पण समोर भरलेलं ताट याला दिसलं नाही. ‘तू काळजी करू नको बाये. रविवारी आवाज होतलो. माझो शब्द.’

शब्द देऊन बसला खरा. नाहूरला पोचेपर्यंत त्याला घाम फुटला. आवाज आणायचा कुठून? आणि मग बिल्डिंगच्या गच्चीवरून त्याला आवाज ऐकू आला. त्यांचं भजनी मंडळ सरावाला बसलेलं. आठ गडी, सगळे सिंधुदुर्गातले, आणि एकेकाचा गळा असा, की खाली रिक्षावाले थांबून वर बघत.

‘दोन तासांचा तर काम,’ त्याने मंडळाच्या अनंताबुवांना गळ घातली. ‘मी हात वर केलंय की ओरडायचा, “थंडर! थंडर!” बस.’

बायकोने, सुलक्षणेने, हे ऐकलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, ‘उसनी टाळी वाजवची नाय, ह्या कोण बोलला हुता ओ?’

धाकूने बहिऱ्याचं सोंग घेतलं. पोरीचं भलं होत असेल तर एक तत्त्व मोडायला काय हरकत आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. आपण सगळेच असं सांगतो.

रविवारी भजनी मंडळ दुसऱ्या रांगेत बसलं. पांढरे शर्ट, कपाळाला बुक्का. त्यांच्यातल्या श्यामसुंदरच्या पिशवीत झांज होती, हे धाकूला माहीत नव्हतं. रिंगमध्ये कल्पितासमोर निशा नावाची दांडगी पैलवान. तिने तिसऱ्याच मिनिटाला कल्पिताला उचलून आपटलं आणि तिचा हात पिरगळून धरला. हीच वेळ. धाकूने हात वर केला.

आता भजन करणाऱ्या माणसाला ‘ओरड’ म्हटलं तर तो ओरडेल कसा? अनंताबुवांनी डोळे मिटले, एक हात कानाला लावला आणि ‘थं... ड... र’ असा लांब आलाप घेतला. बाकीच्या सातांनी तो झेलला. दुसऱ्या फेरीला टाळ्या तालात आल्या. तिसऱ्या फेरीला बुवांनी लय वाढवली, श्यामसुंदरची झांज बाहेर आली आणि बघता बघता साकीनाक्याच्या गाळ्यात लेडी थंडरचा गजर उभा राहिला. ‘थंडर थंडर थंडर थंडर!’ एक गडी तर उभा राहून डोलू लागला.

आधी कोणीतरी फसकन हसलं. मग सगळा गाळा हसला. मुठीत कल्पिताचा हात धरलेली निशाही हसू आवरेना म्हणून मान खाली घालून थरथरू लागली. धाकू दोन्ही हातांनी ‘थांबा, थांबा’ करत होता, पण डोळे मिटलेल्या माणसांना ते दिसणार कसं? त्याला धरणी दुभंगावी असं वाटलं. पोरीची शेवटची संधी, आणि तिची वाट त्याने लावली होती.

कल्पिताने हात सोडवून घेतला. मुखवटा ओढून काढला आणि फेकला. दोरखंडाशी आली, कमरेवर हात ठेवले, आणि चार इंग्रजी वाक्यं जी कुठे गेली ती गेलीच.

‘ए बुवा! कय चाललंय रं? कोन मेलंय इथं? माजी मयत उठवताव काय?’

झांज मधेच थबकली. 

‘आनि तू रं, तीन नंबरच्या खुर्चीवाल्या!’ तिचं बोट सरळ धाकूवर आलं. ‘तूच आनलंस ना यांना? सकालपासून कोलंबी सोलून माजे हात फाटलेत, पाठीचा भुगा झालाय, आनि तू मना टाल्यांची भीक घालतंस? मी काय उरलेला बोंबील हाय, कुनाच्या पन पिशवीत टाकायला? भाव परवडत नाय ना? मग टोपलीला हात लावू नको!’

शेवटचं वाक्य अशा ठसक्यात आलं, की मागच्या रांगेतला एक जण आपोआप ओरडला, ‘हात लावू नको!’ त्याच क्षणी निशाने मागून तिची मान धरली. कल्पिताने मागे न बघता तिचा हात पकडला, खांद्यावरून तिला फेकलं आणि गर्जली, ‘सांगितलं ना?’ आणि दीडशे माणसांनी पत्रे हादरवले: ‘टोपलीला हात लावू नको!’

पब्लिकला काम मिळालं होतं.

विपुलसर पडद्याआडून उड्या मारत बाहेर आले. ‘हेच! दर रविवारी हेच!’ कल्पिता राहिली, आणि धाकूला त्याचा आनंद झाला. खोटं कशाला सांगा, खूप झाला. पण बाहेर पडताना दोघा-तिघांनी त्याच्याकडे बघून भजनासारख्या टाळ्या वाजवल्या. ‘काय धाकूकाका, उसनी टाळी?’ नऊ वर्षं या खुर्चीवर बसून कमावलेलं नाव एका दुपारी गेलं. पैसाअडका त्याने कधी जमवला नव्हता. खरेपणाने बघणारा माणूस, एवढीच त्याची कमाई होती.

आठवडाभर तो कोणाशी कुस्तीवर बोलला नाही. सुलक्षणेला घर इतकं शांत वाटलं, की तिनेच त्याला रविवारी बाहेर काढलं. ‘जावा. मागे बसा, पण जावा.’

तो मागेच बसला, एका रिकाम्या ड्रमवर, अंधाऱ्या कोपऱ्यात. कल्पिता आली. झगा नाही, मुखवटा नाही. डोक्यावर मासळीची टोपली आणि केसांत अबोलीचा गजरा. नुसत्या येण्यावर गाळा दणाणला. तिने टोपली रिंगच्या कडेला ठेवली, पहिल्या रांगेकडे बघितलं आणि थांबली. तिसरी खुर्ची रिकामी होती.

‘माजं गिऱ्हाईक कुठंय?’ तिने विचारलं. ‘त्याच्याशिवाय बोहनी नाय करायची मी.’

माना वळल्या. कोणीतरी त्याला शोधलं. ‘ए खुर्चीवाला!’ आणि दीडशे गळ्यांतून ‘हाय हाय’ सुरू झालं. धाकू उठला. पुढे निघाला. दोन्ही बाजूंनी लोक अंगठे खाली करत होते, एक बाई तर उभी राहून त्याला बोटं मोडत होती. पळून जावं असं त्याला वाटलं. रिंगजवळ आला तेव्हा त्याने वर बघितलं. कल्पिता कमरेवर हात ठेवून उभी होती, कपाळाला आठ्या होत्या, पण डोळे हसत होते. ती त्याची वाट बघत होती.

तेव्हा धाकूच्या डोक्यात उजेड पडला. तिला भांडायला कोणीतरी हवं होतं. राक्षसच नसेल तर देव काय करणार?

त्याने खुर्चीवर बसण्याआधी टोपलीत डोकावून बघितलं. नाक धरलं. मग बाप धरायचा तसा श्वास पोटात धरला आणि सगळा गाळा ऐकेल अशा आवाजात म्हणाला, ‘शिळी मासळी!’

पुढचं काय सांगू? पत्रे उडाले नाहीत एवढंच. कल्पिता त्या दिवशी निशाशी आणि धाकूशी अशा दोन कुस्त्या एकदम खेळली, आणि दोन्ही जिंकली.

सामना सुटल्यावर तो खुर्चीतच बसून राहिला. घसा बसला होता. गाळा रिकामा होत आला. इतक्यात मघाशी बोटं मोडणारी ती बाई दारातून परत आली. हातात कागदी कपातला चहा.

‘घ्या काका, घसा शेकेल,’ ती म्हणाली. ‘काय नालायक माणूस आहात हो तुम्ही! पुढच्या रविवारी येणार ना? तुम्हाला शिव्या घालायला बहिणीला घेऊन येतेय, खास विक्रोळीहून.’

‘येतलंय,’ धाकू म्हणाला.  त्याने दोन्ही हातांनी कप धरला आणि बाप प्यायचा तसा, फुंकर घालत, तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.