थेट भिंतीपलीकडे

क्रिकेट सर्वांसाठी, असं फलकावर लिहिलं होतं. माझं डोकं तिथेच फिरलं, कारण सर्वांसाठी असलेल्या मैदानाच्या फाटकावर पहारेकरी होता आणि तो पायांतलं बघून आत सोडत होता. भाचीचे बूट मी लाँड्रीतल्या सोबतिणीकडून मागून आणले होते. एक नंबर मोठे, पुढे चिंध्यांचे बोळे कोंबलेले.

मुलींच्या संघाची निवड होती आणि तिला पंधराच्या आतल्या वयाची अट होती. भाचीला पुढच्या महिन्यात पंधरा पूर्ण होणार, म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

आमच्याकडे खेळायला जागा म्हणजे दोन इमारतींमधली फट आणि टोकाला गोदामाची भिंत. नियम एकच. चेंडू थेट भिंतीपलीकडे गेला की आउट, आणि मारणाऱ्यानंच जाऊन गोदामवाल्याच्या हातापाया पडून तो आणायचा. भाची आठ वर्षं याच नियमानं खेळली, आता तिची धाकटी बहीणही तसंच खेळते.

इथे प्रत्येकीला सहा चेंडू होते. पहिले दोन तिनं नीट तटवले. तिसरा अगदी बॅटवर आला, तिचा हात सुटला आणि चेंडू दोरीपलीकडे झाडांत जाऊन पडला. षटकार. मी चक्क शिट्टी मारली.

भाचीनं जीभ चावली, बॅट खाली ठेवली आणि चेंडू आणायला धावत सुटली.

सगळं मैदान हसलं. ती धापा टाकत परत आली, चेंडू पुढच्या मुलीच्या हातात दिला आणि हेल्मेट काढू लागली. निवड करणाऱ्या साहेबांनी हसून हसून डोळे पुसले आणि पुढचा नंबर पुकारला.

मी दोरी ओलांडून त्यांच्या टेबलापाशी गेले. "साहेब, तिचे तीन चेंडू राहिलेत."

"ताई, ती स्वतःच बाहेर आली. साधे नियम माहीत नाहीत तिला."

"माहीत आहेत. आमच्या गल्लीतले. तीन चेंडू द्या, नाहीतर मी इथून हलत नाही."

दिले, पण उपकार केल्यासारखे. भाची पुन्हा उभी राहिली. तीनही चेंडू तिनं जपून, जमिनीलगत ढकलले. मी मनात ओरडत होते, मार गं बाई, उचलून मार. पण एवढ्या लोकांचं हसू कानांत घेऊन कोण उचलून मारेल?

साहेबांनी तिच्या नंबरावर काट मारली. "हात चांगला आहे, पण मोकळेपणानं खेळत नाही."

मग मात्र माझा तोल गेला. "मोकळेपणा? पोर आठ वर्षं फटीत खेळतेय. हे मैदान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि आज पहिल्यांदा फाटक उघडलंत, तेही फोटोपुरतं. तुमच्या डोळ्यांदेखत षटकार मारला तिनं. तो कुठे लिहिलात? दाखवा कागद."

लोक वळून बघू लागले. कोणीतरी पहारेकऱ्याला हाक मारली. येऊ दे म्हटलं, त्यालाही सुनावते.

भाचीनं मागून माझी बाही ओढली.

"आत्या, हळू बोल," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आपल्या धाकटीला इथेच यायचंय."

मी राग गिळला आणि साहेबांची माफी मागितली.