दुहेरी अस्तराचा पडदा

टेलरने लेकीची पँट तिसऱ्यांदा उसवली. शिवण सरळ होती, तरी घातली की दोन्ही पाय धनुकलीसारखे बाहेर जायचे. त्याने पोरीचे घोटे जुळवले आणि गुडघ्यांमध्ये बोटं घातली. चार बोटं आरामात बसली.

पोर दोन वर्षांची. लाडाने सगळे तिला 'बटण' म्हणत.

"ती सांभाळणारी मावशी हिला काहीतरी करते," तो बायकोला म्हणाला. "पाडलं असेल, नाहीतर बांधून ठेवत असेल."

"अहो, पोरगी तिला क्षणभर सोडत नाही."

"धाक असेल."

रोज संध्याकाळी तो पोरीच्या अंगावर वळ शोधू लागला. वळ सापडेनात, तशी त्याची खात्रीच पटली. बाई पक्की आहे! एका दुपारी दुकान बंद करून तो न सांगता घरी आला. दाराला कान लावला. आत मावशी गाणं म्हणत होती.

"अंधारात काय चाललंय?" त्याने दार ढकललं.

"अंधार माझा नाही, दादा. पडदे तुम्हीच शिवलेत."

वर उलट बोलते! त्याने दोघींनाही दवाखान्यात नेलं. म्हटलं, आता डॉक्टरीणबाईंसमोरच कबूल करू दे.

बाईंनी बटणचं फुगीर मनगट चाचपलं, एक्स-रे काढला, रक्त तपासलं. "हिला कुणी हात लावलेला नाही. मुडदूस आहे. ड जीवनसत्त्व नाही, म्हणून हाडं मऊ राहिलीत. उन्हात कधी नेता?"

मावशी बोलली, "नेऊ कशी? पोरगी काळी पडता कामा नये, ही यांची ताकीद. पूर्ण बाह्या, कानटोपी, दुहेरी अस्तराचे पडदे. मी दोनदा सांगितलं, तर म्हणाले, तुमचं शहाणपण तुमच्या घरी."

"औषध मी देते, मनाने वाढवू नका," बाई म्हणाल्या. "दूध, अंडी द्या. रोज थोडा वेळ उघड्यावर, उघड्या हातापायांनी खेळू द्या. बंद काचेतलं ऊन या कामाचं नाही."

"आणि काळी पडली तर?" सवयीने त्याच्या तोंडून निघालंच.

"तर काळ्या पायांनी धावेल. गोऱ्या पायांनी फेंगडं चालवायचंय का? वेळेत आणलंत, पाय सुधारतील."

घरी येताच त्याने पडदे उतरवले. मावशीकडे बघायची हिंमत होईना. "चुकलो, मावशी," तो खिडकीकडे बघून म्हणाला.

"माझ्याकडे तोंड करून म्हणा," मावशी म्हणाली. त्याने म्हटलं.

त्याच पडद्यांच्या कापडाचा बिनबाह्यांचा झगा घालून बटण आता रोज बाहेर मातीत लोळते.

आणि तुम्ही, वाचणारे! गोऱ्या कातडीच्या हव्यासापायी पोरांची हाडं वाकवू नका. संशय घ्यायचाच असेल, तर आधी आपल्याच घरातल्या पडद्यांवर घ्या.