सोबत आलेलं

अडकित्त्याच्या पात्यात खोबऱ्याचा पांढरा कण अडकला होता, आणि तो पुसायचं सोडून रूपा नुसती बघत बसली... सुपारीसाठी घरात आलेली वस्तू. सुपारी खाणारे सासरे तिच्या लग्नाआधीच गेले. अडकित्ता राहिला आणि खोबऱ्याचे काप करायला लागला. त्याला कुणी विचारलं असेल का, राहतोस की जातोस?

मांडीवरच्या लॅपटॉपवर तक्रार उघडी होती. किन्हीराजातल्या या ओसरीत बसून ती पुण्याच्या कंपनीचं जे काम करायची, ते सासूबाईंना समजावताना तिची तारांबळ उडे : एक सॉफ्टवेअर मागवलं की त्याला लागणारी आणखी चार मुकाट सोबत येतात; मुख्य काढलं की सोबतची बिनकामाची समजून झाडून काढायची. झाडणारा प्रोग्राम तिचा. आणि आज कुणीतरी चिडून लिहिलं होतं — मी रोज वापरतो तेच काढून टाकलंत! चूक लगेच कळली. हे कशासोबत आलं एवढंच प्रोग्रामला ठाऊक. आल्यावर ते कुणाच्या हाताला सवयीचं झालं, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

मग पाहायचं कसं? वापर मोजायचा? मोठं मजेचं कोडं होतं हे. तिने दोन ओळी लिहिल्या आणि थांबली. संघदीपसोबत लग्न होऊन ती या घरात आली... तो वारला त्याला वर्ष उलटलं, आणि आता आसेगावहून तिचा भाऊ अनुप गाडी घेऊन निघाला होता, तिला कायमचं माहेरी न्यायला. हो तिनेच म्हटलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"रूपे, कोनती गोळी घेऊ वं आता?" सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, आतून विचारलं.

"पांढरी. जेवल्यावर."

वापर तर होता. गोळ्या, गॅसचा नंबर, मोबाइलचं रिचार्ज... पण वापर आहे म्हणून ठेवायचं? तिला एकदम राग आला. कुणाचा, ते कळेना. तिने त्या दोन्ही ओळी पुसल्या आणि लिहिलं — काढण्याआधी विचारा. पण कुणाला?

वच्छलाबाई बाहेर येऊन खोबरं कापायला बसल्या.

"आई, मी गेली त तुमचं कसं होईन?"

"गोळ्या शेजारची सपना वाचून देईन. कामासाठी तुले राह्य म्हननार नाही मी."

"मंग कायच्यासाठी म्हनसान?"

अडकित्ता थांबला. म्हातारीचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडाच होता. "तुले काय वाटते, थे सांग आधी. मले इचारून राह्यली कवाची."

रूपाची नजर लॅपटॉपवरच्या ओळीकडे गेली. वापरणाऱ्याला विचारायचं, मागवणाऱ्याला विचारायचं, एवढं तिला सुचलं होतं. जे सोबत आलं त्यालाच विचारायचं... हे तिच्या कोणत्याच ओळीत नव्हतं.

बाहेर अनुपच्या गाडीचा हॉर्न वाजला. रूपा बॅगेकडे बघत तिथेच बसून राहिली — आपण काय उत्तर देऊ, याचं तिला पहिल्यांदाच मनापासून कुतूहल वाटत होतं.