न नासणारी बाटली

सुज्ञ वाचकहो! सन १९७४ च्या उन्हाळ्यात, नाशिक शहरी पंचवटीत, एका दूधविक्रेत्याच्या अंतःकरणास जो घोर लागला व ज्या रीतीने त्याने त्यातून वाट काढली, तो वृत्तान्त येथे यथामती निवेदन केला जात आहे. तरी लक्ष असावे.

कारभारी हा सचोटीचा गृहस्थ. गल्लीच्या टोकाला गोठा, दावणीला चार म्हशी, आणि घरोघरचा रतीब हाच त्याचा चरितार्थ. एके प्रभाती अन्न-निरीक्षक साहेब सायकलवरून उतरले व त्यांनी त्याच्या चरवीतील दुधाचा नमुना घेतला. तीन बाटल्या भरल्या, त्यांवर लाखेचे शिक्के उठविले आणि एक बाटली त्याच्याच हाती दिली.

"जपून ठेव. आमच्या तपासणीत दूध खोटं ठरलं, तर कोर्टामार्फत हीच पुन्हा तपासून घेता येते. शिक्का तुटला की तुझा आधार गेला."

बाटल्या भरल्या जात असता कारभारी भयाने डोळे मिटून खंडेरायाचे नामस्मरण करीत होता. डोळे उघडले ते जळत्या लाखेचा वास आल्यावर.

बाटली त्याने ओसरीच्या कोनाड्यात ठेविली व येणाऱ्याजाणाऱ्यास मोठ्या अभिमानाने दाखविली. तेथेच घात झाला. वैशाखाचे ऊन रणरणू लागले, दिवसांमागून दिवस गेले, तरी त्यातील दूध फाटेना की आंबेना.

शेजारचा गिरणीवाला रंगनाथ ओरडला, "काय रे कारभारी, दूध भरलंय का चुना कालवलाय?"

गल्लीतील सर्वांत जुने गिऱ्हाईक म्हणजे वत्सलाबाई. त्या चष्मा सावरीत आल्या. "दूध म्हटलं की नासायला हवं. हे का नासत नाही?"

"बाई, तुमच्या घरचं नासतं ना? त्याच म्हशींचं हाय."

"तेच म्हणते मी! औषध कधी घालतोस नि कधी नाही, आम्हाला काय कळणार? उद्यापासून दूध नको."

त्यांचे पाहून साऱ्या गल्लीने रतीब बंद केला. भरली चरवी परत येऊ लागली. पत्नी सिंधुबाई खवा आटवून आटवून जेरीस आली.

"अवो, फोडा ती अवदसा!"

"फोडली तर कोर्टात काय दाखवू? तुझं डोकं?"

"मग घ्या उशाला!"

कारभारीस अन्न गोड लागेना. बसला तर उठावेसे वाटे, उठला तर पाय कोनाड्याकडे वळत. बाटली उजेडात धरून तो विनवी, "बये, एकदाची नास." पुढे पुढे तर त्याला आपल्या म्हशींचाच संशय येऊ लागला.

अखेरीस तो कचेरीत गेला. साहेब हसले. "अरे, तुझ्यादेखत औषधाचे थेंब टाकले मी! नमुना टिकावा म्हणून टाकावेच लागतात. औषध विषारी असतं, म्हणून तर शिक्का."

"माझे डोळे मिटले होते, साहेब."

"मग लोकांना सांग."

"माझं कोण ऐकतंय? पाया पडतो, माझ्यावर पुन्हा धाड घाला. गल्लीत, समद्यांसमोर."

"वेडा का तू? मला पाहून लोक पळतात. यातही दोष निघाला तर दोन खटले होतील."

"होऊ द्या. दूध माझं हाय."

रविवारी साहेब आले. बाटल्या भरल्या, कुपीतून थेंब पडले. या खेपेस कारभारीने डोळे ताणून उघडे ठेविले होते. "बघा! कोण टाकतंय, बघा!"

साहेबांनी पंच मागितला. रंगनाथास एकाएकी दळण आठवले. कोणी पुढे होईना.

"आणा इकडे," वत्सलाबाई म्हणाल्या. सही करून त्यांनी साहेबांस सुनावले, "हे त्याच दिवशी मोठ्यानं सांगायचं होतंत." मग घरातून पातेले आणून पुढे केले. "घाल अर्धा लिटर. चरवीतलं घाल हो, बाटलीतलं नको!"

गल्ली खळखळून हसली. चरवी तेथेच रिकामी झाली.

तथापि तपासणीचा निकाल यावयाचाच होता. कोनाड्यात आता दोन बाटल्या होत्या, आणि पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की कारभारीचा दूध घालता हात थबके.

येथवर वाचण्याचे श्रम घेतलेत, त्याबद्दल आपला अत्यंत आभारी,
नाथा जयराम पगारे, पेठ रोड, नाशिक.