सरस नाही

नोएडातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात दोन गोष्टींचं नाव काढायचं नाही, असा सुरेखाबाईंचा कायदा होता. एक म्हणजे बाल्कनीतला जुना राइस कुकर, आणि दुसरं म्हणजे त्या कुकरात जे शिजायचं ते.

कुकर त्यांच्या नवऱ्याचा, पद्माकररावांचा. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन आर. के. पुरमचं क्वार्टर सोडलं, तेव्हा बरोबरीचे लोक योगासनांकडे आणि शेअर बाजाराकडे वळले. पद्माकरराव वळले चौकटींकडे. आयुष्यभर फायलींवर सह्या केलेल्या माणसाने बाल्कनीला काचा लावून घेतल्या, करवत आणि पॉलिश पेपर आणला, आणि लोकांच्या घरच्या मोडक्या फोटोफ्रेमा गोळा करायला सुरुवात केली. तुटलेली नक्षी भरायची, तिच्यावर लाल मातीचा हात द्यायचा, वर सोन्याचा वर्ख चढवायचा आणि अकीकच्या दगडाने घासून तो असा चमकवायचा, की ज्याची फ्रेम तो म्हणे, "ही आमची नव्हेच." सगळा हौसेचा मामला. मोबदला म्हणून कोणी लोणचं दिलं तर दिलं.

आणि मग गेल्या थंडीत ते गेले. बाल्कनीचं दार लागलं ते लागलंच.

ते उघडायची वेळ आली भक्तीमुळे. भक्ती दिल्ली कॅन्टोन्मेंटमधली, हवालदार इंद्रजितची बायको, गाव गडहिंग्लजकडचं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सुरेखाबाईंशी ओळख झाली आणि तिथूनच तिची फ्रेम पद्माकररावांच्या हाती आली. मे महिन्याच्या एका दुपारी ती घामाघूम होऊन दारात उभी राहिली.

"काकू, बदली झाली आमची. जोधपूर. पुढल्या रविवारी सामान भरायचं हाय," ती पाणी पीत म्हणाली. "म्हणून म्हटलं, मोर घिऊन जावा. जसा असंल तसा."

मोर म्हणजे तिच्या सासूचा, भीमाबाईंचा. लग्नाआधी त्यांनी काळ्या मखमलीवर रंगीत मण्यांनी भरलेला. त्याच्या फ्रेमची खालची पट्टी खिळ्यावरून पडून चुरा झाली होती, बाकीच्या तिन्ही बाजू काळवंडल्या होत्या.

रुचिराने बाल्कनीचं दार उघडलं. रुचिरा ही सुरेखाबाईंची एकुलती एक मुलगी, तिथंच नोएडात एका मासिकात संपादक. शनिवार-रविवार आईकडे असायची. बाल्कनीत धुळीखाली मोर उभा होता. वरची, डावी आणि उजवी बाजू लखलखीत. खालची नुसतं लाकूड.

"अगो बया," भक्ती हळू आवाजात म्हणाली. "काकांनी तीन बाजू केल्यात की. मोराला निस्ती चड्डी घालायची राहिली."

सुरेखाबाईंना हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी.

"ऱ्हाऊ दे ताई," भक्ती फ्रेम उचलायला वाकली. "आत्याबाईंना सांगीन मी, काका मधीच गेले म्हणून. फोन केला की पयला सवाल, माझा मोर कुठाय? नातवंडांचं नाव मागनं."

"राहू दे इथंच," रुचिरा म्हणाली. "शनिवारी ये न्यायला. मी पूर्ण करते."

बोलून गेली आणि मग घाबरली.

कारण असं होतं, की पद्माकररावांच्या मते तिला हे जमणारं नव्हतं. निदान तिची तशी खात्री होती. आदल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने त्यांच्याशेजारी बसून हाताएवढी एक फ्रेम केली होती. बाबांनी खडूची भुकटी तिच्यापुढे ठेवली, "मऊ कालव, गाठी नकोत," म्हणाले आणि फोन आला म्हणून आत गेले. तिने मन लावून कालवलं, थर दिले, वाळवले, वेलीची दोन पानंसुद्धा कोरली. बाबांनी फ्रेम हातात घेतली, उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला.

"छान झालंय गं," ते म्हणाले. "पण सरस नाही."

"हो, ते कळतं मला," असं ती हसून म्हणाली होती, आणि हात धुऊन आत आली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या लिखाणात 'चांगलं आहे पण' असा शेरा मारणाऱ्या बाईला तो शेरा स्वतःच्या वाट्याला आल्यावर काय होतं, हे तिला तेव्हा कळलं. त्यानंतर बाबांनी दोनदा विचारलं, "येतेस का बसायला?" एकदा ऑफिसचं काम होतं. एकदा ते नव्हतं, पण होतं म्हणून सांगितलं. मग थंडी आली.

आता त्यांच्या तीन बाजूंशेजारी तिची चौथी बसणार होती. कायमची. जोधपूरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि बैठक मारली. व्हिडिओ बघून शिकायचं तिच्या जिवावर आलं. बाबांचं काम कोणा परक्या गोऱ्या माणसाकडून कशाला शिकायचं? बाबांसमोर केलं होतं तसंच करायचं, फक्त जास्त मन लावून. खडूची भुकटी चाळली, पाण्यात कालवली, थरावर थर दिले. उकाडा असा, की थर बघता बघता वाळायचे. शेजारच्या तीन बाजूंकडे बघत तिने वेल कोरली. पानं सुरेख उठली. तिला वाटलं, जमलं की.

मग पॉलिश पेपरचा पहिला हात फिरवला आणि एक पान अलगद सुटून मांडीवर पडलं. दुसरा हात फिरवला, तर त्याच्यामागून देठ आला. तिसऱ्या हाताला वेलच आली.

"आई!"

सुरेखाबाई पदर नाकाला लावूनच आल्या. सवयीने, कुकर तर कधीचा थंडगार होता. मांडीवर पांढरा सडा पडलेल्या लेकीकडे त्यांनी पाहिलं.

"हे काय, रांगोळी काढत्येस?"

"सगळं सुटतंय. मला नाही जमत हे. बाबा बरोबरच म्हणाले होते."

"अगं, पण तू त्यात ते घातलंस का?"

"काय ते?"

"ते गं. त्यांचं ते."

"आई, त्यांचं काय?"

सुरेखाबाईंनी आजूबाजूला पाहिलं, जणू देवघरापर्यंत ऐकू जाईल. "कुकरातलं."

"कुकरात काय असायचं? तू कधी नाव तरी घेऊ दिलंस का आम्हाला?"

"सरस!" सुरेखाबाई ओरडल्याच. "घे, घेतलं नाव! सरस! चामडी उकळून करतात तो. खळ असते ती, डिंकासारखी. माझ्या घरात, माझ्या तुळशीपासून चार हातांवर, हा माणूस गुरांची कातडी शिजवायचा! बाहेर दुकानदाराशी बोलताना हिंदीत सरेस-सरेस करायचा, ते चालायचं मला. पण मराठीत नाव काढलंत तर चहा बंद, म्हणाले होते मी."

रुचिराच्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला. 'एकापेक्षा एक सरस' तिला ठाऊक होतं. सरस-नीरस ठाऊक होतं. लेखकांच्या मराठीतल्या चुका ती झोपेतही काढत असे. पण दिल्लीत वाढलेल्या मुलीच्या कानावर हा शब्द आला असता तो घरातूनच, आणि घरात तर त्याला बंदी.

"आई," ती सावकाश म्हणाली, "दिवाळीत माझी फ्रेम बघून बाबा म्हणाले होते, छान झालंय, पण सरस नाही."

"मग नव्हताच."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? नव्हताच त्यात सरस. साध्या पाण्यात कालवलंस तू, मी स्वयंपाकघरातून बघत होते. मनात म्हटलं, बरं झालं, पोरगी तरी शाकाहारी निघाली."

रुचिरा उठली. कुकरच्या वर, खिळ्याला, ती हाताएवढी फ्रेम टांगलेली होती. बाबांनी टाकली नव्हती. तिने तिच्यावर अंगठा फिरवला, त्यांनी फिरवला होता तसा, आणि पाहिलं. अंगठा पांढराफटक झाला होता. एवढंच दाखवत होते ते. ती मात्र अंगठ्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

तिला आधी हसू आलं. मग जे आलं ते तिने काचेकडे तोंड करून आवरलं. खाली सोसायटीच्या गेटवर एक कॅबवाला आणि गार्ड चांगलेच जोरात भांडत होते. ते संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. सुरेखाबाईंनी पदर नाकावरून काढला आणि म्हणाल्या, "वरच्या फळीवर पत्र्याचा डबा आहे बघ, गुळाच्या खड्यांसारखं काहीतरी भरलेला. रात्रभर भिजत घालावं लागतं."

"तुला कसं माहीत?"

"नाक धरलं होतं मी. डोळे नव्हते धरले."

दुसऱ्या दिवशी कुकर लागला. वास म्हणजे काय सांगावं! ओल्या कुत्र्याला कोणी इस्त्री केली तर असा वास येईल. समोरच्या उत्तरा वहिनींनी बेल वाजवून "नवीन रेसिपी का?" असं विचारून घेतलं. सुरेखाबाई दारातून न हलता हुकूम सोडत होत्या.

"उकळी नको येऊ देऊस, ताकद जाते त्याची. ते तसं ओरडायचे स्वतःवरच."

"एवढं घट्ट पुरे?"

"ही काय बासुंदी आहे? ताकासारखं हवं. हां. आता घाल भुकटी."

या वेळी थर दगडासारखा बसला. पॉलिश पेपर फिरवला तर पान जागचं हललं नाही; उलट हस्तिदंतासारखं गुळगुळीत झालं. लाल मातीतही सरस पडला. आणि मग वर्खाचा दिवस आला, तो नेमका सगळ्यात तापलेला.

वर्खाचा नियम असा, की वारा म्हणून लागता कामा नये. पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद. बाबांच्या डबीत थोडेच वर्ख उरले होते. रुचिराने ओल्या मातीवर पहिला सोडला, तो पाण्याने ओढून घेतल्यासारखा झपकन बसला. दुसऱ्याच्या वेळी सुरेखाबाई शिंकल्या.

वर्ख उडाला, हवेत एक गिरकी घेतली आणि सुरेखाबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

"हलू नकोस!" रुचिरा म्हणाली.

"नथ घालायची सोडली म्हणून वरून पाठवलीय वाटतं," सुरेखाबाई ओठ न हलवता म्हणाल्या, आणि मग दोघी अशा हसल्या, की उरलेल्या वर्खांवर रुचिराला आडवं पडून त्यांचं रक्षण करावं लागलं.

शनिवारी भक्ती आली, बरोबर इंद्रजित, हातात जुनी चादर आणि दोरी. फ्रेम हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती. दोघं बघतच राहिली. भक्तीने लगेच गावाकडे व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी भीमाबाईंचं कपाळ आलं, मग एक डोळा.

"आत्याबाई, फोन लांब धरा! बघा तुमचा मोर."

भीमाबाईंनी बराच वेळ निरखलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "आता गं बया," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या लग्नातबी असा नव्हता चमकत. पर खालची पट्टी दुसऱ्या हाताची दिसतीया."

रुचिरा पुढे सरकली. "हो, आजी. ती मी केलीय. बाकीच्या तिन्ही बाबांच्या."

"तेच म्हनती मी. पानं वाईच बारीक हाईत. तुझा हात बापापरीस हलका हाय, पोरी." म्हातारीने मान डोलावली. "सरस हाय, सरस."

"आहे तर!" मागून सुरेखाबाई म्हणाल्या. "भरपूर आहे. मी स्वतः उभं राहून घालायला लावलाय."

भीमाबाईंना काही कळलं नाही. भक्तीलाही नाही. रुचिरा मात्र सोफ्याच्या हातावर बसली आणि पोट धरून हसली, इतकी, की इंद्रजितने घाईघाईने विचारलं, "ताई, पानी देऊ का?"

मोर चादरीत गुंडाळून, दोरीने बांधून, जिन्याने खाली गेला. इंद्रजितला लिफ्टचा भरवसा वाटेना. जाताना भक्तीने सुरेखाबाईंच्या हातात तिखट चटणीचा डबा ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

दार लागल्यावर रुचिरा बाल्कनीत गेली. खिळ्यावरची छोटी फ्रेम तिने उतरवली, पाण्याचा हात फिरवून पांढरा थर सगळा धुऊन काढला. खाली बाबांनी कापून दिलेलं लाकूड निघालं, चारही कोपरे काटेकोर जुळलेले. मग तिने पत्र्याचा डबा काढला आणि मूठभर खडे पाण्यात टाकले.

सुरेखाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरच होता.

"आता ही कुणाची?"

"आपली."

"त्यात फोटो कुणाचा लावणार?"

रुचिराने भांड्यावर झाकण ठेवलं.

"ते बघू गं," ती म्हणाली. "आधी सरस तरी भिजू दे."